लाल पेनाचा हुकूम

रिपोर्ट तिसऱ्यांदा वाचला, तरी आकडा बदलला नाही. आरोहीच्या रक्तातलं औषध निम्म्यावर यायला हवं होतं. ते होतं तिथेच होतं.

आरोही सहा वर्षांची, लाखांदूरकडची. दोन वर्षांपूर्वी नागपूरला तिचं लिव्हर बदललं. तुकडा आईचा, रंजनाताईंचा. शरीराने तो परका समजून हाकलू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध रोज दोनदा घ्यायचं. भंडाऱ्यात तिची तपासणी माझ्याकडे.

प्रतिकारशक्ती म्हणजे घरचा राखणदार. पाहुण्याला मारू नये म्हणून त्याला गुंगी द्यायची. पण तो फारच पेंगला की चोरांचं फावतं. इथे एका साध्या विषाणूचं फावलं. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या, मानेत गाठी आल्या. या आजाराला पीटीएलडी म्हणतात. वेळेत सापडला तर पहिला उपाय म्हणजे औषध कमी करणं. म्हणून नागपूरच्या लिव्हरच्या डॉक्टर मॅडमनी दर वेळी दोनऐवजी एकच कॅप्सूल सांगितली होती. तीन आठवडे झाले, गाठी तशाच.

मी मॅडमना फोन लावून गाठींचं सांगितलं.

"मग सोमवारी ॲडमिट करा. पुढची ट्रीटमेंट सुरू करू."

पुढची म्हणजे जड इंजेक्शनं, वेळ आली तर केमो.

"मॅडम, लेव्हलच उतरलेली नाही. मला आधी आईशी बोलू द्या."

रंजनाताई समोरच बसल्या होत्या.

"ताई, औषध किती देता?"

"सांगतलं तेवढंच, साहेब." नजर मात्र जमिनीवर.

आरोही टेबलावर पाय हलवत माझा टॉर्च चालू-बंद करत होती. ती म्हणाली, "दोन देते. एक डॉक्टरची, एक आईची."

मला हसू फुटलं आणि रंजनाताईंना रडू. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. चक्क लॅमिनेट केलेला! अक्षर माझं, लाल पेनाने: 'एकही डोस कमी करायचा नाही. कोणी काहीही सांगो.' एकदा एसटी चुकली म्हणून डोस राहिला होता, तेव्हा मी बाईंना फैलावर घेऊन हा हुकूम लिहून दिला होता.

"तुमीच तं लिहून देल्लं. अन् आता मॅडम मनते, कमी कर. माह्या लिव्हरचा तुकडा हाये तो, साहेब. गेला तं पोरगी जाईन ना! मले लय भेव वाटून राहिलं."

मी ओशाळलो. कागदाप्रमाणे बाई बरोबरच होत्या. राखणदाराची गोष्ट त्यांनाही सांगितली. दर आठवड्याला लिव्हरची रक्ततपासणी करू, ते कुरकुरलं तर औषध वाढवू, असं कबूल केलं.

"मंग तसं लिहून द्या," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "लालच पेनानं."

मी लिहिलं: 'एकच कॅप्सूल. आईची बंद.'

मॅडमनी सोमवार पुढे ढकलला. दोन आठवड्यांत लेव्हल उतरली. दीड महिन्यात गाठी हाताला लागेनाशा झाल्या आणि लिव्हरने एकदाही कुरकुर केली नाही. इतका आनंद झाला की मी अख्ख्या स्टाफला चहा पाजला.

न ऐकणाऱ्या पेशंटवर माझी नजर पहिल्यापासून होती. आता इमानदारीने ऐकणाऱ्यांवरही असते. औषध बदललं की जुना कागद मी परत मागून घेतो. नवा देताना बजावतो, लॅमिनेट करायचा नाही.