तीनशे चाळिसावी पायरी

घरात त्याला सगळे घुम्या म्हणत. विचारलं तरच बोलणार, तेही मोजून मापून. पोटापाण्यासाठी तो एका कंपनीत लोकांच्या वेबसाइट दुरुस्त करायचा, पण जीव अडकला होता तो त्याने घरी बनवलेल्या कोड्यात. ब्राउझरमध्ये उघडलं की पांढऱ्या पानावर चौकोनांची जाळी, प्रत्येक चौकोनात एक आकडा. ओळीतले नको ते आकडे पुसायचे आणि उरलेल्यांची बेरीज कडेच्या आकड्याएवढी आणायची. आवाज नाही, घड्याळ नाही, जाहिरात नाही. वर फक्त पायरीचा क्रमांक.

कोडं त्याने आईसाठी बनवलं होतं. आई निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. एके काळी अर्ध्या शहराचे नंबर तिला तोंडपाठ. रोज सकाळी ती चहा घेऊन खिडकीपाशी टॅबलेट उघडून बसायची, आणि तिची पायरी संध्याकाळी घुम्याच्या कॉम्प्युटरवर दिसायची. पुढे त्याने ते सगळ्यांसाठी खुलं केलं, तशी थोरली ताई आणि कितीतरी परके लोकही ते खेळू लागले.

खेळणाऱ्याचं तोंड पाडणारे खेळ घुम्याला मुळीच खपत नसत. म्हणून त्याने एक सोय गुपचूप करून ठेवली होती. तीनदा चुकलं की पुढची जाळी सोपी यायची, पायरी मात्र चढतच राहायची. या शहाणपणावर स्वारी भलतीच खूश होती.

मग एकदा ताई शिवणाचं मशीन थांबवून म्हणाली, "अरे, आईने काल चप्पल फ्रिजमध्ये ठेवली. आणि बाबा कधी येणार म्हणून दोनदा विचारलं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली रे! डॉक्टरांना दाखवू या."

"ताई, आई दोनशे बाराव्या पायरीवर आहे. तुझी विसावी तरी झाली का?"

ताई ओशाळली आणि परत मशीनवर बसली. पुढेही तिने तीनचारदा विषय काढला, आणि दर वेळी घुम्याने नवा आकडा तिच्या तोंडावर फेकला. ती सोय त्याने परक्यांसाठी केली होती. आपल्या आईला ती लागेल, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. आईशेजारी बसून एकदा जाळी बघायला पाच मिनिटं लागली असती. तेवढीही त्याने काढली नाहीत, याचा मला आजही राग येतो.

असे आठ महिने गेले. एका दुपारी कोपऱ्यावरचा फळवाला आईला हाताला धरून घेऊन आला. तासभर ती दोन गल्ल्यांतच फिरत होती. घर सापडत नव्हतं.

डॉक्टरांसमोरही घुम्याचा हेका सुटला नाही. "तीनशे चाळीस पायऱ्या झाल्यात हिच्या. चुका असत्या तर इतकं जमलं असतं का?"

"दाखवा बरं, आजी," डॉक्टर म्हणाले.

आईने टॅबलेट उघडला. पानावर एकच चौकोन होता. त्यात सात. कडेलाही सात. पुसायचं काहीच नव्हतं. आई त्या साताकडे बराच वेळ बघत राहिली.

आपणच गुपचूप करून ठेवलेली सोय घुम्याला आत्ता आठवली. सोबत आलेल्या ताईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"सुरुवातीलाच आणलं असतंत तर औषधांचा थोडा उपयोग झाला असता," डॉक्टर म्हणाले. "आता सांभाळायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी घुम्या कामावर गेला नाही. त्याने कॉम्प्युटर उघडून ती सोय काढायला घेतली, तेवढ्यात खिडकीपाशी बसलेल्या आईची हाक आली.

"अहो, जरा इकडे येता?"

तो जाऊन तिच्याशेजारी बसला. तिने त्याच्यासमोरच चौकोनाखालचं बटण दाबलं. पानावर 'जमलं' अशी अक्षरं उमटली आणि तिचा चेहरा खुलला.

"हे माझ्या मुलाने केलंय," ती त्याला म्हणाली. "फार हुशार आहे. पण कामात असतो हो, बसायला वेळ नसतो त्याला. भेटला तर सांगाल, आईला जमलं म्हणून?"

"सांगतो," घुम्या म्हणाला.