टाचण्यांची भाषा

माझा मामा शिंपी. माप घेताना चार-पाच टाचण्या ओठांत धरायचा, आणि गप्प बसणं तर त्याच्या रक्तातच नव्हतं. म्हणून माझ्या लहानपणी त्याने मला रमवायला एक राज्य आणि त्या राज्याची भाषाच रचली. ओठ मिटावे लागतील असा एकही उच्चार तिच्यात नव्हता. प नाही, ब नाही, म नाही. सगळा कारभार जिभेचा आणि श्वासाचा. 'शिले' म्हणजे कापड, 'तिन्नारे' म्हणजे ये, बस.

मान द्यायची रीत तर जगावेगळी. राजाला 'ता' लावायचं, म्हणजे सरळ अरे-तुरे. "त्याच्या पोटाचा घेर आपल्याला ठाऊक, मग कसला मान?" असं मामाचं म्हणणं. शेजाऱ्याला 'नी'. सगळ्यात वरचा मान 'हिशेर', तो फक्त तुमच्या सुईत दोरा ओवून देणाऱ्याला. मला तो हवा होता, पण मामा सुईला हात लावू देईल तर शपथ. "माझे डोळे काय गहाण पडलेत?" म्हणायचा. मी आपली 'नी'च राहिले.

गेल्या महिन्यात मामाच्या चेहऱ्यावरून वारं गेलं. हातपाय धड, पण तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि उजव्या डोळ्याला सारखी धार. पाणी मागताना 'प' नुसती हवा होऊन निसटला आणि एक गिऱ्हाईक हसलं. त्या दिवसापासून मामाने तोंडाला कुलूप घातलं. बोलला नाही तर ओठ तसाच राहील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"तीस वर्षं बडबड बंद करा म्हणत होते," मामी म्हणाली. "माझीच दृष्ट लागली."

मी दुकानात गेले तेव्हा तो दाराकडे पाठ करून कोटाला अस्तर लावत होता. मला त्याचा रागच आला. जन्मभर आमचे कान किटवले आणि आता मौन! वीस वर्षांत ती भाषा माझ्या तोंडात आली नव्हती. तरी म्हटलं, "तिन्नारे, ता."

मामा गर्रकन वळला. मग एक लांबलचक वाक्य आलं, एकही उच्चार न अडखळता. अर्थ एवढाच, की मामाला राजासारखं अरे-तुरे करणारी भाची निपजली, आता राज्य बुडालंच. मामी ओल्या हातांनी बाहेर आली आणि दारातच रडायला लागली.

तो बोलतच राहिला. बोलता बोलता दोरा संपला. नव्या दोऱ्याचं टोक ओलं करायला त्याने ओठांशी नेलं, ओठ मिटेनात. डोळा पुसून त्याने तीनदा सुईचं नेढं शोधलं. मी हात पुढे केला नाही, त्याचा स्वभाव मला माहीत होता. चौथ्यांदा त्याने सुई आणि दोरा माझ्यासमोर धरला.

मी ओवून दिला.

"हिशेर," तो म्हणाला, आणि पुन्हा अस्तराला लागला.

लहानपणी या मानासाठी मी त्याच्या किती मागे लागले होते. आता वाटलं, कधीच मिळाला नसता तरी चाललं असतं.