मामांचा कडुलिंब आणि उन्हाचा डबा

चांदूर बाजारला जायचं ठरलं ते मामींच्या फोनमुळे. "पोरी, सोलर पंपावर सावली येते म्हनून तुहा मामा कडुलिंब तोडून राहिला. तू ते सोलरचं शिकवतं नं? ये न वं लवकर!" मी अकोल्यात इंजिनिअरिंग शिकवते. सोलर पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा एक कंट्रोलर मी घरीच बनवला होता. तोच डबा घेऊन निघाले.

अमरावतीपर्यंत एसटी बरी, बायकांना अर्धं तिकीट. कंडक्टरनं मांडीवरच्या लोंबत्या वायरींकडे पाहिलं. "हे काय हाय?"

"उन्हातून जास्त वीज काढणारा डबा."

"बाई हाय का हे?"

"नाही."

"मंग याले अर्धं नाही भेटत."

अमरावतीत गिला वडा खाल्ल्याशिवाय पुढची गाडी धरू नका. दही मात्र जपून. मी ओढणीवर सांडलं.

मामांकडे अबोला चालू होता. "तुया मामाले सांग, गोळाभात झाला," मामी म्हणाल्या. हातभर अंतरावरून मामा म्हणाले, "तुया मामीले सांग, मले आयकू येते."

जानेवारीचे दिवस, संत्र्याच्या आंबिया बहाराला पाणी सुरू. दुपारनंतर कडुलिंबाची सावली दोन पॅनलवर यायची, पंप मलूल व्हायचा आणि झाडांची शेवटची ओळ कोरडी राहायची. कडुलिंब मामींनी लग्न होऊन आल्यावर लावलेला. झाड तोडणारा उद्या येणार होता.

मी समजावलं, "सावली पडली की विजेच्या आलेखात दोन-तीन टेकड्या होतात. जुना कंट्रोलर पहिल्या टेकडीवरच बसून राहतो. माझा सगळ्या पाहून उंच ती निवडतो."

"म्हंजे पयलंच स्थळ पाहून हो म्हनत नाही," मामा म्हणाले.

"तुया मामाले सांग, मी हो म्हनलं होतं. तेच चुकलं."

चार वाजता डबा जोडला. पाणी धो धो आलं, थांबलं, परत आलं, परत थांबलं. "पंपाले उचकी लागली का?" मामांनी विचारलं. डबा सारख्या नव्या टेकड्या शोधत सुटला होता आणि दर शोधात पंप अडत होता. मामी उठल्या, कडुलिंबाखाली जाऊन बसल्या.

संध्याकाळी लॅपटॉप उघडून डब्याला नवी शिस्त लावली. सावली एकदम बदलली तरच शोधाला निघायचं, एरवी आहे त्या शिखरापाशीच बारीक पावलं टाकायची.

सकाळीच झाड तोडणारा हजर. "दुपारपर्यंत थांबा," मी म्हटल्यावर तो कुऱ्हाड उशाला घेऊन त्याच कडुलिंबाखाली घोरू लागला.

सावली आली. पाणी एकदा अडखळलं, मग धार धरली. सकाळइतकी नव्हे, अडलेलं ऊन कुठलाच डबा परत आणत नाही. पण पाणी शेवटच्या ओळीत पोचलं. मामा चिखलातून धावले, मागे मामी.

"आलं वं पानी!" मामा थेट मामींना ओरडले.

"दिसून राहिलं मले! चपला काढा आधी, नव्या हायेत!"

कुऱ्हाडवाला जागा झाला. "मंग मले काहून बलावलं?"

"जेवाले," मामी म्हणाल्या.

अकोल्यात सहकारी विचारतात, वीज किती वाढली? आकडा आहे माझ्याकडे, बराही आहे. पण मला आठवतो तो भर चिखलात नवऱ्यावर खेकसणाऱ्या मामींचा चेहरा. इतकं खूश होऊन रागावताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. डबा तिथेच ठेवून आले. परवा मामांचा फोन आला. पाणी झकास आहे एवढं कळलं. पुढचं काही ऐकू आलं नाही, कारण मागे मामी बोलत होत्या.