आत्याच्या गळ्याचा तबला

"परळीला तबला आणाय जायचंय, येतीस का?" आत्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. परळीला लोक वैजनाथाच्या दर्शनाला जातात, तबल्यासाठी कुणी गेल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. पण थायरॉईडच्या ऑपरेशननंतर आत्यानं आपणहून पहिल्यांदाच काही मागितलं होतं. त्याच संध्याकाळी तिकीट काढलं.

आत्या सिरसाळ्याला राहते. तिथल्या बायकांच्या भजनी मंडळात ती माझ्या लहानपणापासून पुढं बसून गाते. गायची, असं म्हणायला हवं. ऑपरेशननंतर आवाज बसला तो बसलाच. आता ती मागं बसून टाळ वाजवते आणि अभंग तिची मैत्रीण कुसुमकाकू उचलते. आम्ही सगळे फोनवर "येईल गं परत आवाज" म्हणत राहिलो. डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नव्हतं.

पुण्याहून लातूरमार्गे नांदेडला जाणारी गाडी सकाळी परळीला सोडते. स्लीपर पुरतो, फक्त चादर सोबत घ्या. स्टेशन यायच्या आधी औष्णिक केंद्राची उंच धुराडी दिसू लागतात, तीच खूण. आत्या आणि काकू सिरसाळ्याहून एसटीनं येऊन स्टँडवर थांबल्या होत्या. दर्शनाला गर्दी नव्हती (श्रावणातला सोमवार मात्र टाळा, रांगेतच दिवस जाईल). नंतर आम्ही सुशीला खाल्ला. भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा हा नाश्ता पुण्यात कुणी नीट करत नाही, हे माझं ठाम मत आहे आणि त्यावर मी वाद घालत नाही.

वाद्यांची दुकानं दहानंतर उघडतात. आमचं दुकान मंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका गल्लीत. दर्शनी भागात प्लास्टिकच्या ढोलक्या, टाळांच्या जोड्या, चिपळ्या. आत चामड्याचा वास आणि खाली मांडी घालून बसलेले अप्पा. मंडळाच्या जुन्या तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, फाटली होती, जोडीतला डग्गा अजून धड होता, म्हणून फक्त तबला फोनवर सांगून ठेवला होता. काळी चारचा, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात बोलणारा. बायकांची मंडळं बहुधा अशीच उंच गातात. आणि तबल्याचं असं आहे की तो ज्या पट्टीचा बनवला त्याच्या फार खाली-वर जात नाही. तुम्ही घ्यायला गेलात तर आधी आपली पट्टी माहीत करून घ्या.

अप्पांनी तबला काढला, हातोडीनं बाजूचे लाकडी गट्टे ठोकून सुरात आणला आणि विचारलं, "गाणार कोण?"

"ह्या," काकू म्हणाली.

"ही," आत्या म्हणाली.

दोघींची बोटं एकमेकींकडे. अप्पांनी हातोडी खाली ठेवली. "ज्याच्यासाठी तबला हाय, त्याचा गळा ऐकल्याबिगर मी देत न्हाई. आमच्या वडलापासून असंच हाय."

"मला सर्दी झाली हाय," काकू म्हणाली. सकाळपासून ती एकदाही शिंकली नव्हती. आत्यानं तिच्याकडं असं पाहिलं की मीच दोन पावलं मागं सरकले.

"कावून छळती गं मला?" आत्या हळूच म्हणाली. पण समोर अप्पा पेटीवर सूर धरून बसले होते, आणि ती जन्मभर सुराचा मान राखत आलेली बाई. तिनं डोळे मिटले आणि एक ओळ उचलली. शब्दाच्या मध्यावर आवाज फाटला. तिनं ओळ पुन्हा घेतली, आवाज पुन्हा तिथंच फाटला. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी चिपळ्या बघत बसले.

अप्पांनी पेटीवरचं बोट एक पट्टी खाली आणलं. मग आणखी एक. प्रत्येक वेळी ते थांबायचे, आत्या सूर लावून बघायची आणि नाही म्हणून मान हलवायची. काळी दोनवर बोट आलं तेव्हा तिनं मान हलवली नाही. ती गायली. आवाज जाड होता, थोडा खरखरीत, पूर्वीचा नव्हताच. पण सगळी ओळ गायली, आणि मग पुढचीही.

अप्पांनी फळीवरून मोठ्या तोंडाचा दुसरा तबला काढला. "हा घ्या. तो जाईल कुणालातरी."

"मंडळातल्या बायका एवढ्या खाली कशा गातील?" आत्या म्हणाली.

"आमी उतरू की," काकू म्हणाली. "तुमी बसा फक्त पुढं."

आत्या बराच वेळ त्या तबल्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "बांधा अप्पा. काळी दोनचाच बांधा."

परतीच्या एसटीत तबला तिनं मांडीवर घेतला. तुम्हीही तसंच करा, टपावर देऊ नका. वीटभट्ट्यांच्या रस्त्यावर राख उडत होती, तिनं पदर तबल्यावर ओढला. मी दोन दिवस राहिले. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी इतकी खाल्ली की काकूनं मला हसून नावं ठेवली.

पुण्यात परतल्यावर मला सारखं वाटत राहिलं, आम्ही आत्याला जुन्या आवाजाची वाट बघायला लावत होतो. दुकानात कुणीच तिला तो आवाज परत येईल असं सांगितलं नाही. फक्त आहे त्या आवाजाची पट्टी शोधली.

परवा फोन केला तर आत्या घाईत होती. मागं टाळ वाजत होते.

"नंतर बोल गं," ती म्हणाली. "कुसुमला खालचा सूर लागंना झालाय. तिला शिकवाय बसले हाय."