सलीमची पहिली मयत

नाईक सलीम जिवंत असताना तो गेल्याचं मी त्याच्या गावाला कळवून टाकलं. चूक माझी, सगळीच्या सगळी माझी. त्यावरून पलटणीत माझं नाव 'यमदूत' पडलं आणि रिटायर होईपर्यंत ते मी रँकसारखं मिरवलं.

आम्ही दोघं धाराशिव जिल्ह्यातले. मी तामलवाडीचा, सलीम तेरजवळच्या एका लहान गावचा. पोस्टिंग काश्मीरमध्ये, नियंत्रण रेषेवर. तो वरच्या पोस्टवर, मी खाली बेसला रसदेच्या कामावर. सकाळी खेचरांवर पीठ, बटाटे, रॉकेल लादायचं, वर पाठवायचं, परत आली की चारा-पाणी. खेचरं साहेबांचं ऐकायची, माझं नाही. सलीम वायरलेस सेटवरून विचारायचा, "दत्ता, आज तू खेचराला हाणलं का खेचरानं तुला?" आणि हसता हसता 'ओव्हर' म्हणायला विसरायचा.

त्या दिवशी दुपारी वर स्फोट झाला. पेट्रोलिंगला गेलेल्या सलीमचा पाय सुरुंगावर पडला होता. सेट बोलू लागला.

"सलीम हिट. स्ट्रेचर खाली येतंय. हेलिपॅड तयार ठेवा. ओव्हर."

"रॉजर. कंडिशन सांगा. ओव्हर."

पुढं नुसती खरखर.

बर्फाचं वारं सुटलं होतं. चौघं जवान स्ट्रेचर घेऊन माझ्या समोरून हेलिपॅडकडं पळत गेले. ब्लँकेट पार डोक्यावरून ओढलेलं. आमच्या मुलखात स्ट्रेचरवरच्या माणसाचं तोंड झाकलं की विषय संपतो. तिथं मात्र जखमीचं नाक-कान गोठू नयेत म्हणून झाकतात. हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. त्या क्लासला मी झोपलो होतो.

सुभेदारसाहेबांनी आम्हाला गोळा करून ऑर्डर दिली, "घरी फोन कुणी करायचा नाही. कळवायचं काम ऑफिसचं."

"यस साहेब!" सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. आणि संध्याकाळी मी थोरल्या भावाला फोन लावला. परक्या साहेबाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आईला आपल्याकडच्या माणसानं सांगावं, असा माझा थोर विचार.

"अण्णा, सलीम गेला. त्याच्या आईला हळूच सांगा."

अण्णा हळूच सांगणाऱ्यातले नव्हते. त्यांनी आधी सलीमचा फोटो तिरंग्यासह स्टेटसला ठेवला, मग मोटारसायकलला किक मारली. ते पोचेपर्यंत गावात रडारड सुरू होती. दुसऱ्या दिवशी गाव बंद. सलीमचा गाडीएवढा फ्लेक्स लागला, कमान उभी राहिली. एकानं फुलांनी सजवायला आपली जीप देऊ केली. सरपंचांनी चौकाला सलीमचं नाव जाहीर केलं. कब्रस्तानात पोरांनी कबर खोदून ठेवली. सलीमला आईशिवाय कुणी नव्हतं. ती आई, म्हणजे आमच्या चाची, उंबऱ्यावर बसून होत्या. पाणीसुद्धा घेतलं नाही म्हणे.

दुपारी ऑफिसचा फोन आला. सलीम जिवंत आहे. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

गावानं कमान उतरवली. कबर बुजवली. इकडं मला सीओ साहेबांनी वाळू भरलेला पिठ्ठू पाठीवर देऊन ग्राउंडवर सोडलं आणि सांगितलं, "मी थकेपर्यंत पळ." ते खुर्चीत बसले होते.

काही महिन्यांनी सलीम कुबड्यांवर, एसटीनं गावी आला. मी सुट्टी टाकून सोबत होतो. स्टँडवर कुत्रंही न्यायला आलं नव्हतं. घरी मी चाचींचे पाय धरून तोंडावरच्या ब्लँकेटचा घोळ सांगितला. त्यांनी तो फ्लेक्स शेळ्यांच्या गोठ्यावर अंथरला होता. सलीम खाली उभा राहून वर बघत राहिला.

"फोटो झकास आलाय रं. मेल्यावर माणूस उजळतो, व्हय?"

चहाच्या टपरीवर सरपंच भेटले. मी चौकाचा विषय काढला.

"अवो हवालदार, जित्या माणसाच्या नावानं चौक कसा करायचा? उद्या ह्यानंच चौकात राडा केला तर?"

"बराबर हाय सरपंच," सलीम म्हणाला. "थोडी कळ काढा. म्या बी काढतो."

मी रिटायर होऊन तामलवाडीला आलो त्या साली नकली पायानं सलीमची जखम घासली आणि चिघळली. पुण्याला लष्करी दवाखान्यात दाखवायचं होतं. एसटीत लटकत जाणं त्याच्यानं होईना. त्यानं त्याच जीपवाल्याला फोन केला. "आज लग्नाचं भाडं हाय." पुढच्या आठवड्यातही लग्नच निघालं. सरपंचांच्या गाडीत जागा नव्हती. मग त्यानं मला विचारलं. मी म्हणालो, "सोयाबीनची मळणी तेवढी उरकू दे, मी स्वतः नेतो."

मळणी उरकून मी गेलो तेव्हा त्याला ताप चढून तो बडबडत होता. पुण्यापर्यंत टिकला नसता, म्हणून सोलापूरला नेलं. विष रक्तात गेलं होतं. दोन दिवसांनी सलीम गेला.

मग कमान पुन्हा उभी राहिली. त्या दिवशी जीपला कुठलं भाडं नव्हतं; झेंडूत ती दिसत नव्हती. कबर पहिल्याच जागी खोदली. माती भुसभुशीत होती, पोरांना त्रास पडला नाही. चौकाला नाव लागलं. त्या पाटीखाली आता वडापावची गाडी उभी राहते. सलीमला ते आवडलं असतं. मी जाता-येता पाटीला सॅल्यूट करतो, आणि वडापाववाल्याला वाटतं, त्यालाच करतो.

पण हे सगळं व्हायच्या आधी कुणीतरी चाचींना सांगायला हवं होतं. या खेपेला मी फोन केला नाही. सोलापुरातून थेट त्यांच्या दारात गेलो. त्या गोठ्यात, त्या फ्लेक्सखाली, शेळीला पाला घालत होत्या.

"चाची, सलीम गेला."

त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. हातातला पाला शेळीपुढं टाकला.

"मागल्या बारीला बी तूच म्हणला व्हतास. जा, तोंडावरचं पांघरूण काढून बघून ये."