दीदींची पट्टी

इलाइट चौराह्याजवळच्या गल्लीतल्या पार्लरवाल्या दीदी दोरा दातात धरूनच बोलतात. कोणीही केस काढायला आलं की आधी तोटे ऐकवतात. दुखेल, पुरळ येईल, केस पुन्हा उगवतील. फायदा मात्र एकच सांगतात, "अच्छा लगता है."

परवा त्या माझ्या ओठावरची लव काढत होत्या, तेवढ्यात एक बाई होणाऱ्या सुनेला घेऊन आल्या.

"शादी है. इसके हाथ चिकने कर दो."

मुलीने हात ओढणीत लपवले. तिचे डोळे भरून आले. दीदींनी दातातला दोरा काढला.

"पहले आप देख लो, अम्माजी. ज़रा-सा दुखता है."

"हमें क्या दुखेगा," म्हणत अम्माजींनी ऐटीत हात पुढे केला. दीदींनी गरम वॅक्स लावून पट्टी ओढली, तशा अम्माजी थेट दारापाशी पोचल्या.

"रहने दो," त्या हात चोळत म्हणाल्या, "बहू ऐसे ही अच्छी है."

मला इतकं हसू आलं की अर्धी लव राहिलेलं तोंड मी पदराने झाकलं. मुलगी मात्र डोळे पुसून शेजारच्या खुर्चीत बसली.

"दीदी, मेरी बस मूँछ बना दो. और अम्माजी का दूसरा हाथ."