डाव्या खिशातली काडतुसं

टेलरकडे ब्लाउज आणायला गेले होते. शेजारचे एक गृहस्थ पँटचं माप देता देता हळूच म्हणाले, “मास्तर, डाव्या खिशाला दुहेरी कापड लावा. काडतुसांनी फाटतो.” मला एकदम बाबा आठवले.

बाबांचं सराफीचं दुकान होतं. शर्टाखाली उजवीकडे रिव्हॉल्व्हर असायचं, म्हणून त्यांच्याबरोबर चालताना माझी जागा डावीकडे. पुढे एकदा धमकीचा फोन आला आणि डाव्या खिशातही सहा जादा काडतुसं आली.

“आतली सहा पुरत नाहीत का हो?” आई विचारायची.

“असू देत जवळ,” एवढंच म्हणायचे.

मी बिलगायला गेले की ती काडतुसं टोचायची. बाबा मला हलकेच बाजूला करायचे.

फक्त निवडणूक लागली की रिव्हॉल्व्हर, काडतुसं, सगळं पोलीस ठाण्यात जमा व्हायचं. ते दिवस बाबा धास्तावलेले असायचे आणि मी मात्र खुशीत. त्यांच्या दोन्ही बाजू तेव्हा माझ्या असायच्या.

बाबांवर गोळी झाडायची वेळ कधीच आली नाही. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तरी गल्लीत प्रचाराची रिक्षा ओरडत फिरायला लागली की मला अजून वाटतं, आज बाबांना बिलगता येईल.